कंपनीचा टेप जागेवर राहू द्या

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे गाव. टोमॅटो, कांदा आणि ऊस यांचा पैसा ज्या वर्षी बऱ्यापैकी हाती लागतो, त्या वर्षी या पंचक्रोशीतल्या पाच-पंचवीस घरांच्या अंगणात नवी मोटार येऊन उभी राहते, आणि तिच्यापुढे फुटलेल्या नारळाच्या करवंट्या उचलल्या जाण्यापूर्वीच ती आपल्यापैकी कोणा व्यवसायबंधूच्या दुकानासमोर दाखल होते, हा अनुभव नारायणगाव, आळेफाटा आणि ओतूर येथील वाचकांना नवा नाही. मालकाची तक्रारही ठरलेली असते: "दादा, गाडी झकास आहे, पण आवाजात दम नाही; हा कंपनीचा टेप काढा आणि मोठी स्क्रीन बसवा." तक्रार खरी असते, तिच्यावर मालकाने स्वतःच सुचवलेला उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो बिनतक्रार अमलात आणणारा कारागीर त्या चुकीचा भागीदार होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टेप बदलणे हाच आपल्या धंद्याचा श्रीगणेशा असण्याचा एक काळ होता. गॅल्व्हिन बंधूंनी १९३० मध्ये अमेरिकेत मोटोरोला नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट जगापुढे ठेवली, आणि पुढे कित्येक दशके मोटारीतील वाद्ययंत्र हे डॅशबोर्डाच्या ठराविक मापाच्या खाचेत उतरलेल्या पाहुण्यासारखे राहिले. दोन वीजतारा, एक अर्थ, एक एरियल आणि स्पीकरांच्या जोड्या सोडवल्या की पाहुणा मोकळा आणि घरही शाबूत. जुन्या बोलेरोसारख्या गाडीत आजही हीच स्थिती असेल तर टेप खुशाल बदलावा. त्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नाही. परंतु बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली कॅन नावाची संदेशवाहिनी जसजशी लहान मोटारींपर्यंत झिरपली, तसतसा हा पाहुणा घरचा कारभारी होऊन बसला. चाकावरची बटणे त्याच्याशी बोलतात, मागचा कॅमेरा त्याच्या पडद्यावर दिसतो, काही गाड्यांत वातानुकूलनाचे हुकूमही त्याच्याच मार्फत सुटतात. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींना मागे घेतानाचे सेन्सर आणि ताशी ८० व १२० किलोमीटर वेगाचे इशारे कायद्याने सक्तीचे झाले; अनेक गाड्यांत सेन्सरचे चित्र टेपच्या पडद्यावर उमटते, तर कित्येकांत इशाऱ्याचा ध्वनीही त्याच्याच स्पीकरांतून येतो. असा टेप काढून त्याच्या जागी बाजारातली चकचकीत स्क्रीन बसवणाऱ्याने आपण यातले काय काय बंद पाडले, याची यादी मालकाच्या हाती द्यावी. ती द्यायला कोणीच धजत नाही, यातच सर्व आले.

आता मूळ तक्रारीची तहकीकात करू. आवाजात दम का नसतो? पुणे-नाशिक रस्त्याच्या एका बाजूला चाकणला हरमनचा कारखाना आहे. चाकणलाच महिंद्राची एक्सयूव्ही ७०० तयार झाली, जिच्या वरच्या प्रकारांत सोनीची बारा स्पीकरांची यंत्रणा कारखान्यातूनच बसून येत असे. तेव्हा मोटारीत उत्तम ध्वनी कसा आणावा याचे ज्ञान आपल्या उंबरठ्याशीच आहे. स्वस्त गाडीत उणीव भासते ती ज्ञानाची नव्हे, जमाखर्चाची. किंमत मुक्रर झाली की प्रथम कात्री लागते ती दारांतल्या स्पीकरांना: कागदाचा शंकू, मुठीत मावणारे चुंबक, आणि भोवती पोकळ पत्रा. कात्री दारात लागली असताना मलमपट्टी डॅशबोर्डावर करणे हा उलटा न्याय आहे.

त्यात नव्या स्क्रीनच्या खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असे छापलेले असते आणि मालक त्या आकड्यावर भाळतो. हा आकडा येतो कुठून, हे प्रत्येक कारागिराला कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे. इंजिन चालू असताना टेपला मिळणारा दाब सुमारे १४.४ व्होल्ट, त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागला की ५१.८ वॅट येतात. म्हणजे ध्वनीची लहर वर-खाली दोन्हीकडे पूर्ण छाटली जाऊन चौकोनी झाली, आणि संगीताचे संगीतपण पुरते संपले, तरच तो आकडा खरा! शुद्ध लहरीचा हिशोब केला तर तात्त्विक कमाल मर्यादाच सुमारे २६ वॅट भरते, आणि प्रत्यक्षात बिनविकृतीचे १८ ते २० वॅट मिळाले तर समाधान मानावे. कंपनीच्या टेपमध्येही बहुधा याच जातीचे चार वाहिन्यांचे ॲम्प्लिफायर असते. तेव्हा मालकाने वीस वॅटचा टेप फेकून वीस वॅटचाच टेप विकत घेतलेला असतो. फरक पडला तो फक्त रोषणाईत.

मग मार्ग कोणता? टेप जागेवर ठेवावा, त्याच्या स्पीकर-तारांतून ध्वनी उचलावा, तो स्वतंत्र ॲम्प्लिफायरला द्यावा, आणि पैसा दारांत व तारांत घालावा. येथे खऱ्या कारागिरीला आरंभ होतो, म्हणून या टप्प्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे. पहिली गोष्ट, तारा कापू नयेत. बाजारात बहुतेक गाड्यांचे जोड-कपलर मिळतात. कंपनीचा कपलर त्यात खोचावा, त्यातून निघालेला टेपमध्ये खोचावा, आणि मधल्या फाट्यातून आपले काम साधावे. मालकाने उद्या गाडी विकायला काढली तर सर्व काही तासाभरात पूर्ववत करता येते, आणि वॉरंटीच्या वादात कापलेली तार हा आपल्याविरुद्धचा दस्तऐवज ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आजच्या टेपमध्ये स्पीकरची उणे तार म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही तारांमागे एकेक ॲम्प्लिफायर उलट दिशांनी काम करीत असतो आणि दोन्ही तारांवर बॅटरीच्या साधारण निम्म्या दाबाइतका स्थिर दाब उभा असतो. ती तार जुन्या सवयीने बॉडीला टेकवणारा माणूस टेपची चिप जाळूनच उठतो. म्हणून मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर घालावा, अथवा स्पीकर-पातळीचा ध्वनी थेट घेणारा ॲम्प्लिफायर निवडावा. वीस वॅटला ४ ओहमवर जवळजवळ ९ व्होल्ट होतात. आरसीए तोंडांना साधारणतः ५ व्होल्टांच्या आतलाच घास पचतो, हे ध्यानी असावे. काही टेप स्पीकर जोडला आहे की नाही याची चाचपणी करतात आणि तो न सापडल्यास ती वाहिनी मूक करतात; अशा वेळी कन्व्हर्टरमध्ये भाराचा रोधक असलाच पाहिजे. दोष शोधण्यात अख्खी दुपार घालवणाऱ्या कित्येकांना ही एक ओळ पुरली असती.

तिसरी गोष्ट कानांपेक्षा मोजमापाची आहे. कंपनीचा टेप जो ध्वनी बाहेर सोडतो तो सरळ नसतो. स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून आवाज वाढवताना खालचे स्वर हळूच कापले जातात, दाराच्या पत्र्याच्या खोडी झाकण्यासाठी मधले स्वर वाकवले जातात, आणि महागड्या यंत्रणांत तर ट्वीटर व मोठा स्पीकर यांच्या वाट्याचे स्वर आधीच वाटून दिलेले असतात. असा वाकडा ध्वनी जसाच्या तसा चारशे वॅटच्या ॲम्प्लिफायरला दिला की वाकडेपणाही तितक्याच पटीने मोठा होतो, आणि मालक म्हणतो, "पैसे गेले, पण मजा नाही आली." यावर उपाय म्हणजे ध्वनी सरळ करून, वाटलेला पुन्हा एकत्र आणून पुढे देणारा डीएसपी. तो परवडत नसेल तर निदान चाचणी-नाद पेनड्राइव्हमध्ये भरून, टेपचा आवाज निरनिराळ्या पायऱ्यांवर ठेवून, खालचा स्वर कोणत्या पायरीपासून गळू लागतो ते मीटरने पाहावे आणि गेन त्या पायरीच्या आत बांधावा. पन्नास वॅट आणि ४ ओहम यांसाठी १४.१ व्होल्ट, पंचाहत्तर वॅटसाठी १७.३ व्होल्ट, वॅट व ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायला दुकानात ऑसिलोस्कोप असण्याची वाट पाहावी लागत नाही.

तारांच्या मामल्यात आपला व्यवसाय सर्वांत बेफिकीर आहे. चारशे वॅटचा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर पूर्ण भारावर सुमारे ३६ अँपिअर ओढतो. आठ गेजच्या शुद्ध तांब्याची पाच मीटर तार तेवढ्यातच ०.४ व्होल्टांच्या आसपास खाते, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच्या दीडपटीच्या घरात. ती तार वरून सारखीच लाल आणि जाड दिसते. तिचे टोक खरवडून पांढरे निघते का हे दुकानदारासमोरच पाहावे. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, फायरवॉलमधून तार नेताना रबरी ग्रोमेट, आणि अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर: हे तिन्ही नियम सर्वांना पाठ आहेत आणि घाईच्या दिवशी तिन्ही मोडले जातात.

अर्थ ढिला राहिला की ॲक्सिलरेटरसोबत चढत जाणारी अल्टरनेटरची शीळ ऐकू येते. या शिळीचा विचार करताना खोडदच्या दुर्बिणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी मीटर लांबीच्या लहरी टिपणारी जीएमआरटी ही महादुर्बीण उभारण्यासाठी जुन्नरचा हा प्रदेश निवडला, त्यामागच्या कारणांत येथील मानवनिर्मित रेडिओ-कोलाहल कमी असणे हेही एक होते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांना आकाशगंगांचे क्षीण स्वर ऐकायचे असतात, आणि मोटारीच्या प्लगची एक ठिणगीही त्यात गडबड करू शकते. आपले काम त्या मानाने अत्यंत क्षुद्र. पण शत्रू तोच आहे आणि त्याच्याविरुद्धचा बंदोबस्तही त्याच जातीचा: तारेला आच्छादन, वीजतार व ध्वनितार यांत अंतर, आणि पक्का अर्थ. शीळ ऐकू आली की शंभर रुपयांचा फिल्टर ठोकून देणारे व्यवसायबंधू दोष मिटवीत नाहीत, त्यावर पांघरूण घालतात.

दारांविषयी थोडक्यात. साडेसहा इंची स्पीकरचा मागचा ध्वनी आतल्या पत्र्याच्या भोकांतून पुढे येऊन पुढच्याला मारतो, म्हणून ती भोके ब्यूटिलच्या चादरीने बुजवावीत. मात्र दाराच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे चुकूनही बुजवू नयेत. आपल्याकडच्या पावसात काचेवरून उतरणारे पाणी दाराच्या पोटातूनच वाहते. एमडीएफची रिंग दोन पावसाळ्यांत भाकरीसारखी फुगते, तेव्हा पीव्हीसीची वापरावी. एवढे केले आणि ८० हर्ट्झच्या खालचे स्वर दाराला न देता डिक्कीतल्या लहानशा वुफरला दिले, की निम्मे गिऱ्हाईक तेथेच खूश होते.

उरतो प्रश्न जुळणीचा, म्हणजे अखेर कानांचा. विलायती चाचणी-ध्वनिफिती कामाच्या आहेत. पण नारायणगाव ही तमाशासम्राज्ञी विठाबाईंची भूमी, चैत्रात तमाशाच्या सुपाऱ्या देण्या-घेण्यासाठी राहुट्या जेथे पडतात ते ठिकाण, आणि या भूमीतल्या कारागिराला ढोलकीपेक्षा चांगली कसोटी कुठे मिळणार? शाईच्या पुडीवरचा टणत्कार आणि धुमपुडीचा घुमार हे दोन्ही एकाच क्षणी, एकमेकांवर न सांडता, समोरच्या काचेच्या मध्यावरून येत असतील तर क्रॉसओव्हर बरोबर आहे. घुमार मागच्या सीटखालून निघाला आणि टणत्कार कानात टोचला तर पुन्हा पान्हा हाती घ्यावा. दुर्दैवाने यात्रेतल्या डीजेच्या भिंतींनी अलीकडे गिऱ्हाइकाचे आणि, खरे सांगायचे तर, आपलेही कान बिघडवले आहेत. काच थरथरली की आवाज चांगला, अशी समजूत रूढ झाली आहे. ज्याला गावभर ऐकवायचे आहे त्याला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची माहिती द्यावी: निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तरीही तो हट्ट धरील तर काम नाकारण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, आणि तो अधूनमधून वापरला पाहिजे.

अखेरीस मोबदल्याची बाब. मालाच्या किमतीत मजुरी दडवण्याची आपली वहिवाट आता सोडून द्यावी. टेप बदलणे अर्ध्या तासाचे काम होते. टेप ठेवून यंत्रणा उभी करणे हे दोन दिवसांचे आहे, आणि त्यातला एक दिवस निव्वळ मोजणीत आणि जुळणीत जातो. त्या दिवसाचा आकार बिलात वेगळ्या ओळीत लिहावा. गिऱ्हाईक पहिल्यांदा कुरकुरेल, पण शेजाऱ्याच्या गाडीत बसून आले की दुसऱ्यांदा कुरकुरणार नाही. बिलासोबत एक कागद द्यावा: ध्वनी कोणत्या कपलरमधून घेतला, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, अर्थ कोठे, गेन टेपच्या कोणत्या पायरीवर बांधला. पुढे गाडी आळेफाट्याच्या दुसऱ्या वायरमनकडे गेली तरी त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. मात्र तो कागद गाडीत न ठेवता घरी, विम्याच्या कागदपत्रांत ठेवायला मालकाला बजावून सांगावे. ग्लोव्ह बॉक्समधले कागद पहिल्याच पावसात काच पुसण्याच्या कामी लागतात.