काळा चष्मा राहू द्या

समुपदेशनाच्या खोलीत बसूनही बाई काळा चष्मा काढत नाही, तेव्हा "नखरे आहेत" म्हणणारे आपल्याच बस्तीत भेटतात. रात्रभर रडून सुजलेले डोळे, अर्धशिशी, रांगेत कुणी ओळखेल ही धास्ती, कारण काहीही असू शकतं. गोंदिया म्हणजे मुंबई नव्हे. सकाळी दवाखान्यात गेलं की संध्याकाळी बस्तीभर होतं.

माझं म्हणणं, चष्मा राहू द्यावा. टेली-मानसवर (१४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही) समुपदेशक फोनवरच्या आवाजावर माणूस समजून घेतात. मग समोर बसलेल्याच्या चष्म्याची एवढी अडचण का? उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाच आहे.

मात्र उजेड सहन होत नाही म्हणून लावत असाल, तर डॉक्टरांना तसं सांगा. घरातही सतत काळा चष्मा लावला की साधी ट्यूबलाइटसुद्धा जास्त खुपू लागते. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. त्या तपासायला डॉक्टरांनी म्हटलं तर घटकाभर काढावा. सोबत गेलेल्या सासूने किंवा नवऱ्याने "काढ तो आधी" म्हणून हात घालू नये.