सरासरी वजनावर विसंबू नये

गोंदिया जिल्ह्यातील धानशेतीला तलावांचा मोठा आधार आहे. कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेले व पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव आजही अनेक गावांच्या बांध्या भिजवितात. अशा तलावाची पाळ दुरुस्त करताना जी वस्तू मातीखाली गाडली जाते, तिची परीक्षा आधीच झाली पाहिजे.

मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपणारच. ते निघून जावे, परंतु सोबत माती जाऊ नये, यासाठी पायथ्याशी वाळू, गिट्टी व दगड यांचे थर देण्याची रीत आहे. अलीकडे वाळूऐवजी तंतू एकमेकांत गुंतवून केलेले, न विणलेले गाळणकापड वापरतात. हे कापड सर्वत्र सारखे असेल तरच उपयोगी. पातळ जागेतून माती वाहून पाळीत पोकळी होते. दाट जागी पाणी अडून पाळ भिजत राहते.

गठ्ठ्यावर ‘२०० ग्रॅम प्रति चौरस मीटर’ असे छापलेले असते. ही सरासरी होय. बांधीच्या एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी व दुसरा कोपरा कोरडा असला, तरी सरासरी चांगलीच येते. रोवणी मात्र साधत नाही. कापडाचेही तसेच आहे.

यावर उपाय सोपा आहे. गठ्ठ्याच्या टोकाची पट्टी कापून, काठ सोडून, रुंदीभर अंतराअंतराने १० सें.मी. लांबरुंद असे १० तुकडे घ्यावेत व सोनाराच्या काट्यावर वेगवेगळे तोलावेत. प्रत्येक तुकडा २ ग्रॅमच्या आसपास भरावा. सर्व तुकडे १.९ ते २.१ ग्रॅम भरले, तर कापड एकसारखे समजावे. पाच तुकडे १.२ व पाच २.८ भरले, तरी सरासरी २ च येईल. पण ते कापड परत करावे. प्रत्येक गठ्ठा असाच तपासावा व वजने नोंदवहीत लिहावीत.

हे काम प्रयोगशाळेचे आहे, असे काहींचे म्हणणे पडते. छिद्रांचा आकार व पाणी वाहून नेण्याची शक्ती तेथेच तपासावी लागते, हे खरे. तथापि तेथे जातो तो नमुना. गावात येतो तो गठ्ठा. म्हणून गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी व शेतकऱ्यांनी मिळून माल उतरतानाच ही तपासणी करावी. पाळ फुटल्यावर कापड दिसेल, पण तोवर खालचे धान गेलेले असेल.