डोमेनला आत्या नसते

बाळाचं नाव ठेवायला आत्या असते. तिने कानात 'कुर्रर्र' केलं की विषय संपला. वेबसाइटच्या बारशाला मात्र सगळेच आत्या! ऑफिसातला आयटीवाला, जिममधला मित्र, शेजारचे काका आणि ज्याला आपण पैसे मोजतो तो वेब डिझायनर. सगळ्यांचा फंडा एकच: "नावात कीवर्ड टाक, गूगलवर पहिला नंबर पक्का!"

सध्या हा विषय आमच्या खानदानात पेटलाय. माझ्या मावसबहिणीने हिंजवडीतली एचआरची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ फराळाच्या धंद्यात उडी घेतली. आठ वर्षांचं सेव्हिंग पणाला लागलंय. डिझायनरने सुचवलेलं नाव आहे 'बेस्ट-पुणे-दिवाळी-फराळ-ऑनलाइन डॉट कॉम'. मधल्या आडव्या रेघांसकट! वर हे नाव आधीच कुणीतरी अडवून ठेवलंय आणि तो चाळीस हजारांना विकायला तयार आहे. चाळीस हजार म्हणजे तिचं दिवाळीचं अख्खं पॅकिंग. तिने विचारलं, "ताई, घेऊ का?" मी म्हटलं, "अजिबात नको."

एकेकाळी ही युक्ती चालायची, हे खरंय. लोक जे शब्द सर्च करतात तेच जोडून डोमेन घ्यायचं, आत चार रद्दड पानं टाकायची आणि वर चढून बसायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने यावरच बडगा उगारला. अशा 'एक्झॅक्ट मॅच' नावांच्या सुमार साइट्स खाली ढकलल्या गेल्या. तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजी सर्चपैकी साधारण ०.६ टक्के सर्चवर परिणाम होईल, असं गूगलनेच सांगितलं होतं. आज तर नव्या मंडळींसाठी असलेल्या त्यांच्या गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की, नुसत्या नावातल्या कीवर्डचा रँकिंगवर जवळपास काहीच परिणाम होत नाही.

मग नाव कसंही चालेल? नाही बॉस! नाव गूगलसाठी नाही, माणसांसाठी निवडायचं. ज्याला नाव लक्षात राहतं तो थेट नावानेच शोधतो. आणि तुमच्या नावानेच कुणी शोधत असेल, तर तिथे स्पर्धा जवळपास नसतेच. मात्र त्यासाठी नाव तुमचं एकट्याचं हवं. 'पुणे फराळ' हे सगळ्यांचंच नाव आहे.

मोठ्यांकडे बघा. झोमॅटो आधी 'फूडीबे' होतं. २०१० मध्ये नावातलं 'फूड' काढून टाकलं, काही अडलं का? जेफ बेझोसच्या कंपनीचं १९९४ मधलं पहिलं नाव होतं 'कॅडाब्रा'. फोनवर वकिलाला ते 'कडॅव्हर', म्हणजे चक्क प्रेत, असं ऐकू आलं! नाव बदललं आणि अॅमेझॉन झालं. त्यात पुस्तकाचा 'प'सुद्धा नाही.

म्हणून पहिली टेस्ट फोनची. आईला फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि टाइप करायला लावा. आपल्या मराठी नावांची इथे जाम गंमत होते. 'खाऊगल्ली'त एल एक की दोन? 'श्री'ला डबल ई की आय? 'वाटी'ला व्ही की डब्ल्यू? आणि 'ळ' तर इंग्रजीत बिचारा बेघरच. जिथे स्पेलिंग दोन होतात, तिथे अर्धी गिऱ्हाईकं दुसऱ्याच दारात जातात. अगदी तेच नाव हवं असेल, तर दोन्ही स्पेलिंगची डोमेन घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा.

शेपटीचं काय? डॉट कॉम काय आणि डॉट शॉप काय, गूगलच्या लेखी सारखंच. 'डॉट इन'ने मात्र दुकान भारतातलं आहे, हा इशारा मिळतो, आणि फराळ पुण्यातच विकायचा असेल तर त्यात तोटा काहीच नाही. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. दिसतं झक्कास, पण ईमेलला सगळीकडे साथ मिळेलच असं नाही. त्यामुळे ते जोडीला ठेवा, मुख्य दार नको.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाला कान्हामात्रा लावून हुशारी करू नका. १९९९ मध्ये रेडिफच्या नावाशी जुळणारं 'रॅडिफ' घेणाऱ्यांना मुंबई हायकोर्टाने रोखलं होतं. डोमेन हा नुसता पत्ता नाही, ती धंद्याची ओळख आहे, असं तेव्हाच ठरलं. जुनं डोमेन विकत घेणार असाल, तर आधी तिथे काय चालायचं तेही वेबॅक मशीनवर बघून घ्या. कुणाच्या जुगाराच्या साइटचं पाप आपल्या अनारशांच्या माथी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डोमेन कुणाच्या नावावर? बहिणीचा डिझायनर म्हणत होता, "मॅडम, सोयीसाठी माझ्याच अकाउंटवर घेतो." बस्स, इथेच मी ब्रेक लावला. उद्या भांडण झालं, तो गाव सोडून गेला किंवा रिन्यूअल विसरला, तर साइट बंद, ईमेल बंद आणि बॉक्सवर छापलेलं नाव फुकट. अकाउंट आपलं, ईमेल आपला, पैसे आपल्या कार्डावरून, ऑटो-रिन्यूअल चालू. पहिलं वर्ष स्वस्त असतं, दुसऱ्या वर्षाचा दर आधीच विचारून ठेवा.

वाचलेले चाळीस हजार? त्यातून चांगले फोटो काढा, प्रत्येक पदार्थाची नीट माहिती लिहा, गूगल मॅप्सवर प्रोफाइल भरा आणि खऱ्या गिऱ्हाइकांकडून रिव्ह्यू मागा. 'जवळचा फराळ' शोधणाऱ्याला गूगल अंतर आणि नावलौकिक बघून दुकान दाखवतं, डोमेनमधल्या रेघा मोजून नाही.

तेव्हा नाव कुणीही सुचवू दे, पेढे सगळ्यांना वाटा. फक्त जन्मदाखल्यावर पालक म्हणून सही तुमचीच हवी!