धोक्याची घंटा केव्हा वाजवावी?

पावसाळ्यात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. मधल्या चार फुटांत गुरे हलवायची असतात, धान्य माळ्यावर चढवायचे असते. रात्रंदिवस चालणाऱ्या मोठ्या संगणकांना, म्हणजे सर्व्हरना, असेच आकडे ठरवून द्यावे लागतात. डिस्क ८० टक्के भरली की इशारा, ९० टक्के भरली की धोका, असे पुष्कळ ठिकाणी ठरवतात. माझ्या मते हे अर्धवट आहे.

जागा संपली तर एवढे काय होते? टोयोटा या जपानी मोटार कंपनीत २७ ऑगस्ट २०२३ रोजी सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरची नेहमीची देखभाल झाली. साठलेल्या नोंदी काढून टाकण्याचे व लावून ठेवण्याचे काम होते ते. त्यातच डिस्कवरची जागा संपली आणि यंत्रणा थांबली. आवराआवरीतच जागा कशी संपते, असे तुम्ही विचाराल. पण कपाट आवरतानासुद्धा सामान काढून ठेवायला खोलीत मोकळी जागा लागतेच की! राखीव व्यवस्था त्याच यंत्रणेवर चालत असल्याने तीही त्याच दोषाने निकामी ठरली. २९ ऑगस्टला जपानमधले कंपनीचे सर्व १४ कारखाने बंद पडले. माहिती अधिक जागेच्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले.

आता गणित करू. १००० गिगाबाइटची डिस्क ९० टक्के भरली, म्हणजे १०० गिगाबाइट उरले. रोज २ गिगाबाइट भर पडत असेल, तर हातात ५० दिवस आहेत. मध्यरात्री कुणाला उठवायचे कारण नाही. पण बिघडलेला एखादा प्रोग्रॅम तासाला २० गिगाबाइट लिहू लागला, तर पाचच तास! टक्के दोन्हीकडे सारखेच. म्हणून घंटा किती भरले यावर नव्हे, तर भरायला किती वेळ उरला यावर बांधावी. पुराच्या वेळीही आपण पाणी किती आहे एवढ्यावर थांबत नाही, तासाला किती चढते तेही विचारतो.

मेमरीच्या बाबतीत तर टक्के सरळ फसवतात. लिनक्स ही कार्यप्रणाली रिकामी मेमरी वाया घालवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तीत ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. त्यामुळे ठणठणीत सर्व्हरही भरलेला दिसतो. मेमरी खरोखर अपुरी पडली, की तीतला मजकूर डिस्कवर हलवणे सुरू होते. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे सगळेच काम रखडते. तेव्हा लक्ष ठेवायचे ते या ये-जा करण्यावर आणि डिस्कपुढे प्रत्येक कामाला किती थांबावे लागते यावर. तेही क्षणभराच्या उसळीवर नव्हे. पाच-दहा मिनिटे तीच स्थिती टिकली तरच घंटा वाजावी. दिवसातून पन्नासदा वाजणारी घंटा एकावन्नाव्या वेळी कोण ऐकणार?

शिक्षकांना एक विनंती. शाळेतल्या एखाद्या संगणकाची डिस्क आज किती भरली आहे, ते मुलांना वहीत टिपू द्या. महिनाभर दर सोमवारी हा आकडा लिहून आलेख काढा, आणि ती रेघ पुढे वाढवून डिस्क कोणत्या महिन्यात भरेल ते मुलांनाच सांगू द्या.