दिव्यांगाला प्रशिक्षण, आणि त्याच्या आईला?

दिव्यांगांना उद्योजक करण्याची घोषणा झाली की आमचा पहिला प्रश्न असतो : प्रशिक्षण कुठे आहे, आणि किती दिवसांचे? ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे वर्ग मोफत आहेत, राहणे-जेवणही मोफत. पण बहुतेक वर्ग निवासी, जिल्ह्याच्या ठिकाणी. रावेर तालुक्यातली जी आई सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला रोज अंघोळ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते, ती दहा-पंधरा दिवस जळगावला मुक्कामी कशी राहणार? मुलगा तरी एकटा कसा जाणार? दोघेही बाद.

आमच्या वस्त्यांतली ही आई बहुधा केळीच्या बागेत मजुरीला जाते. मुलासाठी घरी थांबली की तिचा रोज बुडतो. घरातल्या दोन कमाया जातात, पण यूडीआयडी कार्डावर नोंद एकाचीच. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असे मांडले होते. बाळंतपण हा बाईचा खासगी प्रश्न नसेल, तर जन्मभराचा सांभाळ खासगी कसा?

महाराष्ट्रातल्या ई-वाहनावरील फिरत्या दुकानाच्या योजनेत अतितीव्र दिव्यांगाला वाहन परवाना मिळाला नाही तर सोबत्याच्या मदतीने दुकान चालवता येते. म्हणजे सोबती सरकारला मान्य आहे, पण गाडीवर. प्रशिक्षणाच्या वर्गात नाही.

शिकवतात तरी काय? मेणबत्त्या आणि अगरबत्त्या! (विकत घेणार कोण, हे कुणी विचारू नये.) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 19 बौद्धिक, बहुविध दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींसाठी बाजाराशी जोडलेले कौशल्य प्रशिक्षण सांगते. रावेरचा बाजार केळीचा आहे. वेफर्स, पीठ, खोडाचा धागा शिकवा. विक्री आणि हिशेब आईला शिकवा. वर्ग तालुक्याला, दिवसा घ्या, आणि बुडालेल्या रोजाचे पैसे द्या.

धंदा चालला तर आणखी एक पेच आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. महिन्याला चार-साडेचार हजार कमावले की हक्काचे अनुदान धोक्यात. राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची तरतूद आहे. ते कमाईची शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. धंदा स्थिरावेपर्यंत निदान तीन वर्षे अनुदान चालू राहावे, ही आमची मागणी आहे.

तरुणांनो, 14 एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा मागतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, आणि त्यातून माय-लेकरांच्या जोडीचे प्रशिक्षण गावातच घेण्याचा ठराव लेखी नोंदवून घ्या.