लग ठोकायचा नसतो, दाबायचा असतो

बॅटरीच्या केबलच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टला अडकणारी धातूची नळी, बसवायला जो छन्नी-हातोडी उचलतो, त्याच्या हाती मी माझी गाडी देणार नाही. ‘वरून सोल्डर भरलं की झालं पक्कं’ म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

सेल्फ मारला की डिझेल गाडीत त्या केबलमधून २००-३०० अँपिअर सहज धावतात. जोडात १ मिलिओहम अडथळा राहिला, तर ३०० अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात आणि बोटभर लगमध्ये ९० वॅट उष्णता तयार होते. गाडी सुरू होत नाही, खापर बॅटरीवर फुटतं आणि धडधाकट बॅटरी भंगारात जाते.

ठोकलेला लग एकदा आडवा कापून पाहा. एका अंगाला तारा चिरडलेल्या, दुसऱ्या अंगाला मोकळ्या, मध्ये काळी भोकं. त्यांत ओल शिरते आणि तांबं हिरवं पडतं. नीट दाबलेल्या लगमध्ये तारा एकमेकींत इतक्या गच्च बसतात की कापलेला भाग सलग तांब्याचा वाटतो. सोल्डर तर इन्सुलेशनखाली चढतं, केबल तिथं ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथंच तुटते.

आता ‘८ टन’, ‘१० टन’ असं छापलेल्या स्वस्त हायड्रॉलिक क्रिम्परबद्दल, म्हणजे लग दाबायच्या अवजाराबद्दल. टन काय बघता? जोड डायवर, म्हणजे लग दाबणाऱ्या साच्यावर ठरतो. डायवर ३५ कोरलंय म्हणून ती तुमच्या ३५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) लगला बसेलच असं नाही. लगच्या नळीची जाडी कंपनीगणिक बदलते. डाय पूर्ण मिटूनही केबल लगमध्ये हलत असेल, तर डाय मोठी. दोन्ही बाजूंना धातूचे पातळ कान बाहेर आले, तर लहान. म्हणून दोन-चार लग आणि हातभर केबल कापून बघायलाच जास्तीची घ्या. तेवढ्यासाठी कंजुषी करणाऱ्यानं अवजार घेऊच नये.

२५-३५ स्क्वेअरपर्यंत लांब दांड्यांचा, षटकोनी डायचा हाती क्रिम्पर पुरतो. ७० ला हायड्रॉलिकच हवा. आणि आयुष्यात एकच केबल करायची असेल तर काहीच विकत घेऊ नका. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्याकडे जा, त्याच्याकडे चांगलं यंत्र असतं.

तरीही ज्याला हातोडीची वकिली करायची आहे, त्यानं मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरावं, कुणाला तरी चावी फिरवायला सांगावी आणि आकडा मला दाखवावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर ती केबल आजच काढा.