मुकुटवालं सर्टिफिकेट

उस्मानिया म्हटलं की आपल्याला चहासोबतचं बिस्किट आठवतं! पण नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं तेव्हा आपल्या भागाचं विद्यापीठ तेच. १९१८ साली निघालेलं, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवणारं, बोधचिन्हावर निजामाचा मुकुट मिरवणारं.

१९३८ मध्ये तिथल्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. होस्टेलची पोरं होती, बरं का! त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांची पोलीस ॲक्शन झाली आणि निजामी संपली. उर्दू जाऊन इंग्रजी आली, बोधचिन्हावरचा मुकुटही उतरला.

उतरला ते बरंच झालं. पण म्हणून घरातलं पणजोबांचं उस्मानियाचं सर्टिफिकेट रद्दीत घालायचं का? आपलं नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनीच सुरू झालं. नावही त्या लढ्याच्या नेत्याचं, स्वामी रामानंद तीर्थांचं. आणि आपण त्या दिवशी काय करतो? झेंडावंदन बुडवून दहापर्यंत झोपतो! यंदा लायब्ररीत अशी जुनी सर्टिफिकेटं मांडा की. रेक्टर सरांनी मनावर घ्यावं, आणि पोळ्याला गावी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडून बघाच.